दिल्लीचे खासदार, बोरिवलीचे मतदार

मुंबईच्या उपनगरांनी देशाला दोन संरक्षणमंत्री दिले. एकाने साडेपाच वर्षे ते खाते सांभाळले, दुसऱ्याने जेमतेम तेरा दिवस. व्ही. के. कृष्ण मेनन आणि प्रमोद महाजन यांच्यात याखेरीज फारसे साम्य नाही. पण दोघेही मुंबईच्या उत्तरेकडच्या वस्तीने निवडून दिलेले खासदार होते. त्यांच्या जोडीला आणीबाणीच्या काळातले कायदामंत्री एच. आर. गोखले, वाजपेयींच्या मंत्रिमंडळातले पेट्रोलियममंत्री राम नाईक आणि २०२४ पासून इथले खासदार असलेले वाणिज्यमंत्री पीयूष गोयल. एवढी यादी कित्येक छोट्या राज्यांनाही सांगता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजारांवर होती, शहर जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक. मुंबईच्या ३६ आमदारांपैकी २६ इथून निवडून जातात. तरीही कांदिवलीतल्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास संरक्षण खात्याच्या कागदावर अडतो, कांजूरच्या मिठागराची मालकी न्यायालयात लोंबकळते आणि अंधेरीचा पूल रेल्वेचा की महापालिकेचा याचा वाद पूल पडल्यावर सुरू होतो. दिल्लीत एवढी वजनदार माणसे पाठवूनही दिल्लीच्याच ताब्यातली कामे का अडतात, हा खरा प्रश्न आहे. ‘राष्ट्रीय महत्त्वाकांक्षा आणि घरचा मतदार यांचा तोल’ हा आपल्याकडचा नेहमीचा विषय त्याच अंगाने तपासायला हवा. माझे म्हणणे असे की, निदान उपनगरांत हा तोल कुणी साधतच नाही. ज्याला दिल्ली गाठायची असते, तो तोल साधावा लागणार नाही असा मतदारसंघ शोधतो.

मेनन यांच्यापासून सुरुवात करणे भाग आहे, कारण त्यांची गोष्ट पुढच्या सगळ्यांचा नमुना ठरली. कालिकतचा जन्म, लंडनमध्ये आयुष्याचा मोठा भाग, मराठीचा गंध नाही. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास भाषण केले आणि पुढच्या काही आठवड्यांतच उत्तर मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढवली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने मुंबई पेटलेली होती, काँग्रेसच्या नावाने मराठी वस्त्यांत शिमगा चालला होता. अशा वेळी समाजवादी पीटर अल्वारिस यांचा ४७ हजार मतांनी पराभव करून मेनन निवडून आले. म्हणजे मराठी माणूस मुंबईसाठी झगडत असताना मुंबईच्या उपनगरांनी न्यूयॉर्कमधल्या भाषणाला मत दिले. १९६२ मध्ये तर विरोधकांनी आचार्य कृपलानींसारखा मातब्बर उभा केला. ती लढत जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजली, कारण प्रश्न चीनविषयक धोरणाचा आणि नेहरूंच्या वारशाचा होता. दोन महिन्यांपूर्वी गोवा मुक्त झाला होता आणि त्याचे श्रेय संरक्षणमंत्र्याला मिळत होते. मेनन १ लाख ४५ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. उपनगरांतले पाणी, रस्ते, गाड्यांची गर्दी हे विषय त्या निवडणुकीच्या मध्यभागी कधीच आले नाहीत. मतदारांना फसवले गेले असे मी म्हणणार नाही. त्यांना जे हवे होते ते त्यांनी निवडले. नव्याने वसलेल्या, निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या लोकांच्या वस्तीला आपण देशाच्या मोठ्या घडामोडीत आहोत ही भावना मोलाची वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

पण महत्त्वाकांक्षा ज्या पायावर उभी होती तो पाया दिल्लीतच होता, आणि दिल्लीत तो खचला तेव्हा उपनगराने हात दिला नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर मेनन यांचे खाते गेले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण गेले आणि ‘हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडी बसले. १९६७ मध्ये काँग्रेसने मेनन यांना तिकीटच नाकारले. ते अपक्ष म्हणून ईशान्य मुंबईत उभे राहिले. एक वर्षही पूर्ण न झालेल्या शिवसेनेने ‘दाक्षिणात्य’ आणि ‘कम्युनिस्ट’ अशा दुहेरी विशेषणांनी त्यांच्याविरुद्ध रान उठवले आणि काँग्रेसचे सदाशिव गोविंद बर्वे तेरा हजारांच्या फरकाने जिंकले. या निकालाचे वर्णन ‘भूमिपुत्राने उपऱ्याला हरवले’ असे केले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. पाच वर्षांपूर्वी दीड लाखाच्या घरात मताधिक्य देणाऱ्या मतदारांना मेनन मल्याळी आहेत हे ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? बदलले ते एवढेच की, काँग्रेसचे चिन्ह आणि नेहरूंचा वरदहस्त त्यांच्यामागे उरला नव्हता.

बर्वे यांच्याकडे मात्र थोडे थांबून पाहावे. आय.सी.एस. अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारा प्रशासक, राज्याचा मंत्री, नियोजन आयोगाचा सदस्य ही ओळख सर्वांना माहीत आहे. पण उपनगरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी: १९५८ मध्ये बृहन्मुंबईच्या वाढीचा आणि वाहतुकीच्या कोंडीचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या गटाचे ते अध्यक्ष होते. शहराची वाढ खाडीपलीकडे वळवावी आणि त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा, हा विचार त्या अहवालात आहे. म्हणजे उपनगरांची दुखणी कागदावर मांडलेला आणि दिल्लीच्या दालनांतही वावरलेला, असा माणूस ईशान्य मुंबईने निवडला होता. निकालानंतर काही दिवसांतच, मार्च १९६७ मध्ये, त्यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी पुन्हा मेनन यांचा पराभव केला. मेनन पुढे बंगालमधून आणि मग तिरुवनंतपुरममधून लोकसभेत पोहोचले. बर्वे यांचे नाव कुर्ल्यातल्या एका रस्त्याला उरले. दिल्लीचे वजन आणि उपनगराची जाण एका ठिकाणी आली असती तर काय झाले असते, हे पाहण्याची पहिली संधी अशी निघून गेली.

१९७७ मध्ये उपनगरांनी हिशेब चुकता केला, पण तोही दिल्लीचाच. वायव्य मुंबईत विद्यमान कायदामंत्री गोखले राम जेठमलानींकडून हरले, ईशान्य मुंबईत सुब्रमण्यम स्वामी निवडून आले. जेठमलानी आणीबाणीत परदेशात आश्रयाला गेलेले वकील, स्वामी पोलिसांना चकवा देऊन राज्यसभेत प्रकट झालेले अर्थतज्ज्ञ. दोघांचीही कीर्ती राष्ट्रीय, दोघांचाही अंधेरीच्या फलाटाशी किंवा मुलुंडच्या नळाशी संबंध बेताचा. उत्तर मुंबईत मात्र मृणाल गोरे होत्या. गोरेगावच्या पाण्यासाठी हंडे घेऊन रस्त्यावर उतरलेली ही बाई लोकसभेत गेली तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा देशभर पोहोचली. घरच्या कामातून दिल्ली गाठल्याचे हे बहुधा एकमेव निर्मळ उदाहरण. गंमत अशी की, त्यांचे सर्वांत टिकाऊ काम त्या खासदार नसताना झाले. कमाल जमीन धारणेचा १९७६ चा कायदा केंद्राचा. त्याच कायद्याचा आधार घेत दिंडोशीत नागरी निवारा परिषदेने सामान्यांसाठी हजारो घरे उभी करवून घेतली. केंद्राचा कायदा वाचणारा आणि गल्ली ओळखणारा माणूस एकच असला की काय होते, ते तिथे जाऊन पाहता येते. पण ती लढाई त्यांनी राज्याच्या पातळीवर लढली. लोकसभेतली त्यांची कारकीर्द जनता पक्षाबरोबरच आटोपली.

इथे कुणी म्हणेल, महाराष्ट्रात तोल साधणारे नेते झालेच की. यशवंतराव चव्हाण आणि शरद पवार ही नावे लगेच पुढे येतील. ती उदाहरणे खरी आहेत, पण ती उपनगरांना लागू पडत नाहीत आणि का पडत नाहीत हे पाहण्यासारखे आहे. चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले आणि १९६७ पासून साताऱ्याचे खासदार राहिले. दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी सगळी मोठी खाती सांभाळताना त्यांच्यामागे साखर कारखाने, सहकारी बँका, जिल्हा परिषदा यांचे जाळे होते. पवारांचे तर विचारूच नका. १९९१ मध्ये पंतप्रधानपदाच्या स्पर्धेत उतरून मागे राहिले, संरक्षणमंत्री झाले, मुंबई दंगलीने आणि बॉम्बस्फोटांनी हादरली त्या काळात, मार्च १९९३ मध्ये, पुन्हा मुख्यमंत्री झाले, २००४ पासून दहा वर्षे कृषिमंत्री राहिले. स्वतःच्या पक्षाचे लोकसभेतले बळ दोन आकड्यांत कधी गेले नाही, तरी दिल्लीत त्यांचे नाव पंतप्रधानपदासाठी घेतले जात राहिले. बारामती सोडून २००९ मध्ये माढ्यात उभे राहिले तरी बारामती सुटली नाही, कारण तिथे संस्था होत्या. ग्रामीण नेता दिल्लीला जाताना घरी कारखाना, दूध संघ आणि शिक्षणसंस्था ठेवून जातो; त्याच्या गैरहजेरीत त्या बोलतात. उपनगरात असे काही नाही. इथे सोसायटीचा सचिव, गणेशोत्सव मंडळ, नवरात्रीचे आयोजक, देरासरचे विश्वस्त आणि सेनेची शाखा असते. शाखा हे त्यांतले एकमेव पक्के यंत्र, आणि ते महापालिकेसाठी घडवलेले. मधुकर सरपोतदार किंवा गजानन कीर्तिकर दिल्लीला गेले, पण सेनेने दिल्लीत मोठे होण्याचे स्वप्न आपल्या उपनगरी खासदारांना फारसे पाहू दिले नाही. राष्ट्रीय पक्षाच्या नेत्याला मात्र उपनगरात मागे ठेवण्यासारखे यंत्र नसते. म्हणून त्याला मतदारसंघ असा लागतो, जो त्याच्या गैरहजेरीतही पक्षाला मत देईल.

असा मतदारसंघ कोणता, हे आकडे पाहिले की कळते. मुलुंड-घाटकोपरचा ईशान्य मुंबई मतदारसंघ घ्या. स्वामी १९७७ आणि १९८० असे लागोपाठ दोनदा जिंकले, त्यानंतर आजतागायत तिथे एकही खासदार सलग दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही. गुरुदास कामत १९८४ मध्ये जिंकले, १९८९ मध्ये जयवंतीबेन मेहतांकडून हरले, १९९१ मध्ये परत आले, १९९६ मध्ये महाजनांकडून हरले, १९९८ मध्ये महाजनांना हरवून आले, १९९९ मध्ये किरीट सोमय्यांकडून हरले, २००४ मध्ये सोमय्यांना हरवले. पुढे संजय दिना पाटील, सोमय्या, मनोज कोटक आणि २०२४ मध्ये पुन्हा पाटील. डोंगराकडचा गुजराती-मराठी मध्यमवर्ग आणि खाडीकडची मानखुर्द-गोवंडीची वस्ती यांची बेरीज दर वेळी वेगळी येते. महाजनांनी इथून काय घेतले? १९९६ च्या विजयानंतर तेरा दिवसांचे संरक्षणमंत्रिपद आणि १९९८ चा पराभव. त्यानंतर ते राज्यसभेतूनच राजकारण करत राहिले. माहिती-प्रसारण, दूरसंचार, संसदीय कामकाज अशी खाती त्यांनी तिथून सांभाळली. वाजपेयी सरकारमधल्या सर्वांत प्रभावी मराठी नेत्याला ईशान्य मुंबईचा मतदार पुन्हा परवडला नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. राज्यसभेची वाट तर २००३ पासून आणखी रुंद झाली. उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असावा ही अटच संसदेने काढून टाकली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

आता बोरिवलीचा उत्तर मुंबई मतदारसंघ पाहा. १९८९ पासून राम नाईक सलग पाच वेळा. मध्ये गोविंदा आणि संजय निरुपम यांची एकेक खेप. मग गोपाळ शेट्टी दोनदा, दुसऱ्या वेळी तर ४ लाख ६५ हजारांच्या मताधिक्याने. २०२४ मध्ये गोयल, ३ लाख ५७ हजारांच्या मताधिक्याने. ज्याला दिल्लीत निश्चिंत बसायचे आहे, तो मुलुंडला जाईल की बोरिवलीला, हे सांगायला राजकीय पंडित लागत नाही.

राम नाईक हे मात्र माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारे उदाहरण आहे. लोकल प्रवाशांच्या संघटनांतून पुढे आलेला, तीनदा बोरिवलीचा आमदार झालेला हा माणूस. रेल्वे राज्यमंत्री असताना त्यांच्या काळात, १९९९ मध्ये, मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले आणि लोकल गाड्यांचा प्रश्न पहिल्यांदा रेल्वे मंत्रालय आणि राज्य सरकार यांच्या सामायिक यंत्रणेकडे गेला. ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ व्हावे यासाठी त्यांनी संसदेत सतत पाठपुरावा केला. पुढे पाच वर्षे पेट्रोलियममंत्री. म्हणजे दिल्लीतले खाते आणि घरचे काम या दोन्हींचा मेळ घालून दाखवला. आणि बक्षीस काय? २००४ मध्ये सिनेनट गोविंदाने त्यांना सुमारे ४८ हजार मतांनी हरवले. आक्षेप घेणारा म्हणेल, काम करणाऱ्यालाही मतदार घरी बसवतो, मग नेत्याने काम कशाला करावे? याचे अर्धे उत्तर भूगोलात आहे: त्या वेळी मतदारसंघ वसई-विरारपर्यंत पसरलेला होता आणि तिथली गणिते बोरिवलीची नव्हती. २००९ मध्ये मतदारसंघ आटोपशीर झाला तेव्हा नाईक निरुपम यांच्याकडून सहा हजारांहून कमी मतांनी हरले आणि मनसेच्या उमेदवाराने लाखाहून जास्त मते घेतली होती. पण उरलेले अर्धे उत्तर अधिक कडू आहे. लाट, युती, फूट आणि ताऱ्याचे तेज या चार गोष्टींपुढे कामाचे वजन निर्णायक ठरत नाही, हे नाईक यांच्या पराभवातून बाकीच्यांनी शिकून घेतले. नाईक पुढे उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. त्यांच्या कामाची कदर झाली ती पक्षाकडून. महत्त्वाकांक्षी माणूस यातून काय धडा घेईल? मतदारापेक्षा पक्षश्रेष्ठी अधिक विश्वासू देणेकरी आहेत, हाच.

त्यानंतर बोरिवलीत जे घडत गेले ते या धड्याला धरूनच. २०१४ मध्ये विधानसभेसाठी विनोद तावडे आले, पाच वर्षे मंत्री राहिले, २०१९ मध्ये त्यांचे तिकीट कापले गेले आणि दोन वर्षांनी ते पक्षाचे राष्ट्रीय सरचिटणीस होऊन दिल्लीत स्थिरावले. त्यांच्या जागी सुनील राणे, मग संजय उपाध्याय. लोकसभेला नगरसेवकपदापासून चढत आलेले, उद्याने आणि मैदाने यांसाठी ओळखले जाणारे शेट्टी २०२४ मध्ये बाजूला झाले आणि चौदा वर्षे राज्यसभेत असलेले गोयल आले. त्याच वर्षी विधानसभेच्या तिकिटावरून शेट्टींनी बंड पुकारले, अपक्ष अर्ज भरला आणि माघारीच्या दिवशी तो मागे घेतला. बोरिवलीवर बाहेरचे उमेदवार पुन्हा पुन्हा लादले जातात, ही त्यांची तक्रार होती. तक्रार खरी होती, पण ती मतदारापर्यंत जाऊच शकली नाही. मतदाराने शेट्टी आणि गोयल यांच्यातून निवड केली नाही. निवड आधीच झालेली होती. गोयल यांना उपरे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. ते मुंबईतच वाढले आणि त्यांच्या मातोश्री चंद्रकांता गोयल माटुंग्याच्या आमदार होत्या. प्रश्न त्यांच्या मुळांचा नाही, तर ही जागा त्यांच्यासाठी का निवडली गेली याचा आहे.

आणि इथे कांदा येतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले होतेच. निर्णय सरकारचा असला तरी अधिसूचना निघाली ती वाणिज्य मंत्रालयाच्या यंत्रणेतून, आणि ग्राहक व्यवहार खातेही गोयल यांच्याकडेच होते. लासलगाव, चांदवड, निफाडचा शेतकरी चिडला. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, मतदानाला सोळा दिवस उरले असताना. २० मे रोजी दिंडोरी आणि नाशिकमध्ये मतदान झाले आणि त्याच दिवशी मुंबईतही झाले. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, नाशिकही युतीच्या हातून गेले. बोरिवलीत कांदा पिकत नाही, तो भाजीवाल्याकडून अर्धा किलो घेतला जातो. निर्यातबंदीने तो स्वस्त राहिला असेल तर बोरिवलीचा गृहस्थ मंत्र्यावर रागावण्याचे कारण नव्हते. ‘घरचे राज्य’ म्हणून आपण जे एकसंध चित्र रंगवतो ते इथे फाटते. महाराष्ट्रातल्या पिकवणाऱ्यांना आणि खाणाऱ्यांना एकच मंत्री एकाच वेळी खूश करू शकत नाही. पण त्यांपैकी कुणासमोर हात जोडून उभे राहायचे, हे तो निवडू शकतो. शरद पवार कृषिमंत्री असताना नेमके उलटे होते. भाव चढले की शहरातला ग्राहक त्यांच्या नावाने बोटे मोडायचा, आणि ते निवडून येत होते उसाच्या पट्ट्यातून. दोघांनीही आपले राष्ट्रीय धोरण ज्याला बोचणार नाही तो मतदार जवळ केला. याला तोल म्हणायचे असेल तर म्हणावे. मला ती जागेची निवड वाटते. तळेगावला येऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प २०२२ मध्ये गुजरातला गेला तेव्हा राज्यभर जो संताप झाला, तो तळेगावच्या पट्ट्यात मताला भारी पडू शकतो. गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय आणि मराठी अशा मिश्र बोरिवलीत त्याची धार आपोआप बोथट होते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. खासदाराचे काम कायदे करणे, सरकारला जाब विचारणे. गटारे आणि पथदिवे हे नगरसेवकाचे काम. मग राष्ट्रीय नेत्याकडून उपनगरी कामांची अपेक्षा कशाला? हे बरोबरच आहे, फक्त उपनगरांतले कोणते काम कुणाचे याची यादी एकदा करून पाहावी. मालाड-कांदिवलीच्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोभोवतीच्या सोसायट्यांचा पुनर्विकास अडला तो संरक्षण खात्याच्या २०११ च्या परिपत्रकाने, ज्याने लष्करी आस्थापनांलगतच्या बांधकामांना ‘ना हरकत’ सक्तीची केली. कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरे मीठ आयुक्तांकडे, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाकडे. २०२० मध्ये राज्याने कांजूरची १०२ एकर जमीन मेट्रोच्या कारशेडसाठी दिली तेव्हा केंद्राने तीवर हक्क सांगितला आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने काम थांबवले. हार्बर मार्ग २०१८ मध्ये गोरेगावपर्यंत आला. तो बोरिवलीला न्यायचा तर रेल्वे मंत्रालयाकडे जावे लागते. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला तेव्हा देखभाल कुणाची यावर रेल्वे आणि महापालिका एकमेकांकडे बोट दाखवत होत्या. पुढे पूल पाडून नवा बांधला तर त्याची आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाची उंचीच जुळेना. राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेवरची घरे, किनाऱ्याचे नियम, विमानतळाची उंचीची मर्यादा, सगळी केंद्राची. देशात इतरत्र खासदार ‘केंद्राचा’ आणि प्रश्न ‘स्थानिक’ असे म्हणता येईल. उपनगरांत स्थानिक प्रश्नच केंद्राचा आहे. जो दिल्लीत सर्वांत मोठा, तोच इथल्या कामाला सर्वांत योग्य असायला हवा होता. तसे घडत नाही, कारण दिल्लीत नाव होते ते परराष्ट्र धोरणाने, व्यापार कराराने, निवडणूक व्यवस्थापनाने. मीठ आयुक्तांची फाईल हलवल्याबद्दल कुणाचे मंत्रिपद वाढत नाही.

मतदारही या घोटाळ्यात सहभागी आहे. मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवक उरले नव्हते, प्रशासक होता. त्यामुळे २०२४ च्या लोकसभेच्या प्रचारात उमेदवारांकडे लोकांनी रस्ते, पाणी, फेरीवाले यांची गाऱ्हाणी मांडली आणि उमेदवारांनी ती आनंदाने ऐकून घेतली. पंधरवड्यापुरते ते सोपे असते. संरक्षण खात्याच्या परिपत्रकाबद्दल विचारले असते तर उत्तर द्यावे लागले असते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला छेडानगरजवळ महाकाय होर्डिंग कोसळून १७ जण गेले. ते उभे होते लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर आणि महापालिकेची परवानगी लागते की नाही यावरच वाद होता. दोन दिवसांनी त्याच घाटकोपरात पंतप्रधानांचा रोड शो झाला. ही क्रूर थट्टा होती असे काहींनी म्हटले. मी त्याहून साधे म्हणेन: दोन वेगळ्या उंचीवरची राजकारणे एकाच रस्त्यावरून एकमेकांना न भेटता गेली.

भूमिपुत्राच्या मुद्द्याने हे सुटेल असे काहींना वाटते. स्थानिक माणूस द्या, सगळे नीट होईल. उपनगरांचा इतिहास याला दुजोरा देत नाही. फाळणीत पंजाबातून आलेले सुनील दत्त वायव्य मुंबईतून पाच वेळा निवडून गेले. जानेवारी १९९३ मध्ये दंगलींच्या वेळी त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि तरीही १९९९ मध्ये लोकांनी त्यांना परत पाठवले. त्यांना दिल्लीत मोठे व्हायचे नव्हते. मंत्रिपद आले तेही २००४ मध्ये, अखेरच्या वर्षात. उलट मराठी असूनही गोखले पडले, महाजन पडले. जन्म कुठला यापेक्षा तो माणूस कुणाला उत्तर द्यायला बांधला गेला आहे हे महत्त्वाचे, आणि ते ठरते तिकीट कोण देते व तिकिटानंतर हरण्याची भीती किती यावरून. २०२४ मध्ये वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. त्या ४८ मतांनी तिथला खासदार जितका सावध राहील, तितका साडेतीन लाखांचे मताधिक्य असलेला खासदार राहील अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे.

तरी एक गोष्ट २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नवी दिसली. धारावीच्या पुनर्वसनासाठी मुलुंड, भांडुप, कांजूरची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन वापरण्याची योजना पुढे आली आणि मुलुंडच्या सोसायट्यांतून, चाळींतून विरोध सुरू झाला. भाजपचे उमेदवार मिहीर कोटेचा यांना स्वतः या योजनेच्या विरोधात बोलावे लागले, म्हणजे राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराला केंद्राच्या जमिनीवरून आपल्या मतदारांच्या बाजूने उभे राहावे लागले. यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. मुलुंडने आघाडी भाजपलाच दिली आणि निकाल फिरवला तो मानखुर्द-शिवाजीनगरने. पण मिठागरासारखा कोरडा, सरकारी विषय लोकसभेच्या प्रचारात मध्यभागी आला, तो अस्थिर मतदारसंघात आला, हे योगायोगाने नाही. पुढे केंद्राने ती जमीन राज्याला द्यायला मंजुरी दिली आणि राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये तिचा स्वीकार केला. मीठ आयुक्तांचे कार्यालय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. ते मंत्रालय ज्यांच्याकडे आहे ते बोरिवलीचे खासदार आहेत, जमीन मुलुंडची आहे, आणि मुलुंडचे खासदार विरोधी बाकांवर बसतात.